‘बरोबर’ म्हणेपर्यंत

लोटननाना आमच्या शेजारी राहायला आले, त्या दिवशी मी त्यांना फाटकातूनच सांगितलं, की नळाला पाणी उद्या सकाळी सातला येईल आणि व्हॉल्व्ह अर्धाच उघडा, नाहीतर पुढच्या घरांना पाणी चढत नाही. नानांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, “सकायले सात. व्हॉल्व्ह आर्धाच.” मी मान हलवली आणि आत गेलो. दहा मिनिटांनी बाहेर येऊन पाहतो तर नाना तसेच फाटकात उभे. शेवटी ओट्यावर बसलेल्या अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला उपाय सांगितला. “भाऊ, त्यासले ‘बरोबर’ म्हना. नहीतं त्या हालनार नहीत.” मी म्हटलं, आणि नाना वळून घरात गेले. मान हलवणं हे त्यांच्या लेखी उत्तरच नव्हतं.

ही खोड त्यांना नोकरीने लावली होती. धरणगावचा हा माणूस तीस वर्षं दूर समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होता. तिथे एकाने सूचना द्यायची, ऐकणाऱ्याने ती शब्दशः परत म्हणायची, देणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचं, आणि मगच हात बटणाकडे जायचा. निवृत्त होऊन गावी आल्यावरही नाना दुकानदाराला, रिक्षावाल्याला, भाजीवालीला याच रीतीने वागवत. बाजारात पोरं त्यांना ‘बरोबरनाना’ म्हणत. मी स्वतः इथल्या वीज उपकेंद्रात कामाला, त्यामुळे मला त्यांची चेष्टा करायचा जरा जास्तच हक्क आहे असं वाटे. नाना मात्र मला आपला भाऊबंदच समजत.

उन्हाळ्यात केळीचे पंप सुरू झाले की आमच्या फीडरवर लोड वाढतो आणि माझी चिडचिड सुरू होते. नाना ओट्यावरून तारांकडे बघत बसत. धुळ्याकडे उन्हाची वीज होते, ती दिवस मावळला की थांबते. धरणाची पावसावर, कोळशाची वॅगनवर. आपलं अणुवीज केंद्र मात्र दिवसरात्र एका चालीने चालतं, आणि त्याचीही थोडी वीज याच तारांत मिसळलेली असते, असं ते सांगत. इंधनाची गोळी बोटाच्या पेराएवढी, आणि तिच्यात चारपाच पोती कोळशाची ऊब. हे सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा, देवळात बोलतो तसा. आणि लगेच पुढचं वाक्य यायचं, “पन बंद कया म्हंजे निवना आसं नही, भाऊ.” अणुभट्टी बंद केली तरी आतली उष्णता दिवसेंदिवस राहते, तिला पाणी देत बसावं लागतं. त्या पाण्याची काळजी म्हणजेच आमची नोकरी, असं ते म्हणत. मला ऐकताना अंगावर काटा यायचा, आणि समोरचा माणूस शांतपणे शेंगा सोलत असायचा.

त्यांची मुलगी जयश्री. तिचं रावेरच्या एका केळी बागायतदाराच्या मुलाशी जमलं. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात कुणीतरी मुलाच्या वडिलांच्या, आबांच्या कानात घातलं, की मुलीचा बाप जन्मभर अणूजवळ राहिला, मुलगीही तिथल्याच वसाहतीत वाढली, उद्या नातवंडं कशी होतील सांगता यायचं नाही. आबा बोलणी करायला पुन्हा येतो म्हणाले. जयश्री दोन दिवस जेवली नाही.

मी तयारीत होतो. केळ्यातही निसर्गतःच किंचित किरणोत्सर्ग असतो, हे मी वाचून ठेवलं होतं. रावेरच्या बागायतदाराला गप्प करायला याहून चांगलं काय मिळणार? नानांना सांगितलं तर त्यांनी साफ मनाई केली. “खरं शे. पन हाई वाक्य बाहेर कोन्ही आर्धंच आयकं तं?” त्या माणसाचा माल ट्रकमध्ये भरलाय, संध्याकाळपर्यंत बाजारात त्याच्या केळीचं नाव खराब होईल, असं त्यांचं म्हणणं. आपल्या मुलीचं लग्न मोडायला आलेल्या माणसाच्या केळीची काळजी! मी कपाळावर हात मारला.

आबा आले. चहा तसाच ठेवला. मला राहवलं नाही. मी म्हणालो, “आबा, तिथे काहीच धोका नसतो हो.”

“नही,” नाना म्हणाले. “धोका शे.”

दारामागे जयश्रीच्या बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या. मला वाटलं, संपलं.

“धोका शे, म्हनीसन तं आम्ही तठे व्हतूत.” मग त्यांनी आतून एक जुनी फाइल आणली. शर्टावर लावायच्या बिल्ल्यावर दरवर्षी किती किरण पडले, त्याच्या नोंदी तिच्यात होत्या. आबांना सगळ्यात आधी त्यांनी दाखवला तो नेमका जास्त आकड्याचा कागद. एका दुरुस्तीच्या कामात तो चढला होता. मर्यादेच्या आत होता, तरी काही महिने त्यांना त्या भागात जाऊ दिलं नव्हतं. मुलीच्या तपासणीचे कागदही त्यांनी पुढे केले आणि म्हणाले, तुमच्या डॉक्टरला दाखवा, माझ्यावर विसंबू नका.

आबांनी विचारलं, भीती नाही वाटायची? नाना म्हणाले, “रोज. ज्या दिन भ्याव वाटाव नही, त्या दिन खुर्ची सोडी देवानी.”

आबांनी एकेक कागद उलटून पाहिला. मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाले, “धोका हाये, म्हनून तुम्ही तठी होते.”

“बरोबर,” नाना म्हणाले.

आबांनी कागद डॉक्टरला दाखवले आणि पुढच्या आठवड्यात सुपारी फुटली. इतका मोठा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. पोरीचं सुख पणाला लागलेलं असताना मी सहज खोटं बोलून गेलो, आणि त्यांना ते सुचलंही नाही.

गेल्या हिवाळ्यात नानांना जळगावच्या दवाखान्यात हलवलं. हृदयाची झडप निकामी होत चालली होती. “मना व्हॉल्व्ह आर्धाच उघडस,” ते मला म्हणाले. गावात कुजबुज सुरू झालीच होती, की शेवटी अणूनेच गाठलं. नानांपर्यंतही ती पोचली असावी. एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. जयश्री रावेरहून निघाली होती, पोहोचायची होती.

“जयश्रीले सांगजो. माले काय व्हयनं त्याना कागद फाइलमा लाव. कोन्ही इचारं तं दखाडजो. लपाडू नको.”

मी म्हणालो, “कागद फाइलला लावायचे. कुणी विचारलं तर दाखवायचे. लपवायचं नाही.” आणि थांबलो. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मी वाट पाहत राहिलो. नर्सने मला बाजूला केलं तेव्हा सगळं संपलं होतं.

तासाभराने जयश्री आली. तिच्या कडेवर वर्षाची मुलगी होती. मी तिला निरोप सांगितला. तिने डोळे पुसले आणि एकेक शब्द परत म्हटला, “कागद फाइलला लावायचे. कुणी विचारलं तर दाखवायचे. लपवायचं नाही.”

आणि माझ्याकडे बघत ती तशीच उभी राहिली. ती कशासाठी थांबलीये हे कळायला मला एक क्षण लागला.

“बरोबर,” मी म्हणालो.