गालाने गाभे तपासणारी त्सुने

भट्टीला मी घाबरतो. जपानातल्या कावागुचीत बावीस वर्षं ओतकाम केलं, तरी लोखंड वितळून भट्टीचं तोंड फोडलं की अजून एक पाऊल मागे सरतो. हसायचं तर हसा. ज्यांनी कधी वितळलेल्या लोखंडाच्या भांड्याच्या दांड्याला हात लावला नाही, तेच हसतात.

आमच्याकडे नळाचे एल्बो, म्हणजे वाकडे जोड, ओतायचे. एल्बो आतून पोकळ राहायला साच्यात वाळूचा गाभा बसवावा लागतो. ते गाभे त्सुने-सान करायची. नवरा महापुरात वाहून गेला तेव्हापासून ती गाभ्यांच्या शेडमध्ये होती. गाभा चुलीत सुकवायचा, वर काळा लेप द्यायचा, पुन्हा सुकवायचा. चुकून ओला राहिला तर आत वाफ कोंडते आणि वितळलेलं लोखंड ओतणाऱ्याच्या तोंडावर उडतं. माझ्या आधीच्या ओताऱ्याचे दोन्ही डोळे असेच गेले.

लेप दिल्यावर ओला काय नि सुका काय, दिसायला सारखाच. म्हणून त्सुने-सान एकेक गाभा डाव्या गालाला लावून बघायची. गार लागला की परत चुलीत. गाल कायम काळाकुट्ट.

"अगं, एकदा तोंड तरी धू. भेटेल एखादा," मी चिडवायचो.

"भेटला तर त्यालाही गालाला लावून बघीन. ओला निघाला तर चुलीत!"

त्या दिवशी तिची दाढ सुजली होती. त्याच गालावर फडकं करकचून बांधलेलं, म्हणून गाभे तिने नुसत्या हाताने पाहिले. पण हात सकाळपासून चुलीशी. त्यांना गार-गरम कळेनासं झालेलं.

दुपारी भट्टीचं तोंड फोडलं. ओतताना आम्ही भोवती गवताची दोरी बांधतो आणि दोरीच्या आत बाईने पाऊल टाकायचं नाही. भट्टीची देवी बाईचा मत्सर करते, मग माणसं भाजतात. असं सगळे मानतात. मीही मानतो.

मी आणि जोडीदार तोकुजी लोखंडाचं भांडं घेऊन पहिल्या साच्याशी पोहोचलो, तोच त्सुने-सान धावत आली. फडकं सुटलेलं, हातात एक गाभा. दोरी ओलांडून थेट आत!

"थांबा! गाभे ओले आहेत!"

"ए बये, बाहेर हो!" इवामात्सु मेस्त्री किंचाळला. "दोरीच्या आत कुठे मरायला आलीस?"

"फळीवर हा एक उरला होता, मेस्त्री. गालाला लावला तर गारढोण. त्या फळीवरचे बाकीचे साच्यांत गेलेत."

"कुठल्या साच्यांत?"

"ते मला काय ठाऊक!"

"मग चालती हो. लोखंड काय तुझ्यासाठी थांबणार आहे? यासु, ओत!"

यासु म्हणजे मी. भांड्यातलं लोखंड डचमळलं. ओतलं तर डोळे जाणार, नाही ओतलं तर मेस्त्री हाकलणार. खोटं कशाला बोलू? मी भांडं कलतं करायला लागलो होतो.

त्सुने-सान सरळ त्या साच्यावर जाऊन बसली, ओतायच्या भोकावरच.

"ओत माझ्यावर," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. मरणाची घाबरली होती, पण उठली नाही.

शेवटी मेस्त्रीने शिव्या घालत सगळं लोखंड रिकाम्या वाळूत ओतायला लावलं. मग साचे फोडून पाहिले. चौदा गाभे ओले निघाले. पहिल्या रांगेतले तर सगळेच.

कारखान्याचा मालक भला माणूस. "चूक होते. उद्यापासून नीट बघ," एवढंच म्हणाला. तिने संध्याकाळी सगळे गाभे पुन्हा सुकवले, एकेक सुजल्या गालाला लावून.

सकाळी मात्र कोणी भट्टी पेटवेना. मेस्त्रीने सगळ्यांना गोळा केलं. "बाई दोरीच्या आत आली होती. ही शेडमध्ये असताना भांडं कोण उचलणार? बोला."

त्सुने-सान दारात उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती. मी उचलतो, एवढंच म्हणायचं होतं. पण देवीची भीती वाटली. मी खाली बघत राहिलो.

तिने डबा उचलला आणि ती गेली.

दुपारी आम्ही तिनेच सुकवलेल्या गाभ्यांवर लोखंड ओतलं. एकही साचा उडाला नाही. "बघितलंस? बाई गेली, देवी शांत झाली," तोकुजी म्हणाला.

मी हो म्हणालो.