आईचं हिरवं लुगडं

शहापुरात आमच्या घरी दोन हातमाग होते. जमिनीत खड्डा आणि त्यात पाय सोडून बसणारा विणकर. एका मागावर वडील, म्हणजे आमचे आप्पा, आणि दुसऱ्यावर थोरला भाऊ अण्णा. आई आणि मी रहाटावर कांड्या भरायचो, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळून द्यायचो. बाईनं कांड्या भराव्यात, सुताला लावायची खळ शिजवावी, लुगडी डोळे भरून बघावीत, पण खड्ड्यात पाय सोडू नये. हे आम्हाला कुणी सांगावंसुद्धा लागत नसे.

माझं लग्न निपाणीला झालं आणि वर्षाच्या आत त्या लोकांनी मला आणून सोडलं. त्यांना दुसरी करायची होती, त्यांनी केली. त्याच सुमाराला अण्णा रेल्वेच्या नोकरीवर लोंढ्याला गेला. त्याचा माग रिकामा पडला, आणि तो बघून माझे हात शिवशिवायला लागले. एके दिवशी आप्पा बाजारात गेलेले बघून मी सरळ त्यावर जाऊन बसले.

आई खळीचं पातेलं घेऊन येत होती. दारातच थबकली.

"बाईमाणसं खड्ड्यात पाय सोडत्यात व्हय गं? ऊठ आदी!"

"का? माग काय बाटतोय?"

"तू मागावर बसलीस म्हणून निपाणीला कळलं, तर पोरगी माहेरातच रुजली म्हणतील. मग न्हेतील व्हय तुला?"

ते न्यायला येतील असं तिला अजून वाटत होतं. माझ्या अंगाची आग झाली. "मला न्हाय जायाचं तिकडं," मी म्हणाले, आणि धोटा उभ्या धाग्यांमधून फेकला. तो निम्म्यातच अडकला, ती गोष्ट वेगळी.

आप्पांनी धड हो म्हटलं नाही, धड नाहीही म्हटलं नाही. माझे धागे तुटले की मुकाट्यानं येऊन सांधून द्यायचे आणि जाताना म्हणायचे, "बाहीर बोलू नगंस." आईनं मात्र माझ्या कांड्या भरायचं बंद केलं. विणणारा माणूस कांड्यांवाचून लंगडा असतो. ती आप्पांची टोपली भरून ठेवायची आणि रहाटावरून उठायची. मग मी पहाटे उठून माझ्या कांड्या भरायची आणि दिवसभर विणायची. पाठ भरून यायची, बोटं सुजायची. पुष्कळदा रडत विणलं. लोक म्हणतात जिद्द. माझी जिद्द कसली, नुसता राग होता. आईनं एकदा तरी टोपलीत माझ्यासाठी कांडी टाकावी म्हणून मी वाट बघायची आणि टोपली रिकामी दिसली की त्या रागावर पुढचं वीतभर विणायची.

पहिलं लुगडं पुरं झालं ते हिरवं होतं, लाल काठाचं. मुद्दाम आईसाठीच विणलं होतं. आप्पांसारखी बाजाराची घडी घातली आणि तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं हातसुद्धा लावला नाही.

"ठेव पेटीत," म्हणाली.

पुढची लुगडी अण्णाच्या नावावर बाजारात गेली. अण्णा लोंढ्याला रुळांवर आणि त्याची लुगडी शहापुरात! आप्पा हसायचे, मलाही हसू यायचं. पण आईचं लुगडं पेटीतच राहिलं. दिवाळी झाली, पाडवा झाला, शेजारपाजारची लग्नं झाली. ती आपली जुनंच नेसायची. त्या लुगड्याची घडी काही तिनं मोडली नाही. मीही मग विचारायचं सोडलं. आम्ही दोघी एका चुलीपुढं बसून जेवत होतो आणि कामापुरतंच बोलत होतो.

लढाईच्या दिवसांत सूत मिळेनासं झालं, माग अर्धेअधिक बंद पडले. त्याच वर्षी आई तापानं गेली. आप्पांच्या आधी गेली, अहेव गेली, म्हणून शेजारची काकू म्हणाली, "पोरी, हिरवं लुगडं बघ गं घरात."

मी पेटी उघडली. लुगडं तळाशी होतं, पण घडी माझी नव्हती. आई चौपदरी, अरुंद घडी घालायची, तशी होती. कसर लागू नये म्हणून आत कडुनिंबाचा पाला ठेवला होता. आणि तो पाला वाळला नव्हता, हिरवाच होता. म्हणजे ती पाला बदलत होती. लुगडं उघडत होती, बघत होती, आणि पुन्हा घडी घालून ठेवत होती.

मला रडू आलं नाही, आधी रागच आला. तिच्याजवळ जाऊन मी ओरडले, "मग बोलायला काय झालं होतं गं तुला?" बायकांनी मला धरलं. आप्पा भिंतीकडं तोंड करून बसले होते.

मग मी स्वतःच ते लुगडं उलगडलं. माझ्या हातचं पहिलं लुगडं आई एकदाच नेसली, आणि तेही मीच नेसवलं.