रंगून ते कलकत्ता, सकाळ ते दुपार

धारवाड स्टेशनवर गाडी हलली तेव्हा अप्पांनी आशीर्वाद वगैरे काही दिला नाही. म्हणाले, "मद्रासला बोटीत चढण्याआधी बेताने जेव. समुद्रात पोटात काही टिकत नाही." भूगोलाचे मास्तर ते. स्वतः जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण मुलाला वाटेतल्या ओकाऱ्यांपर्यंत सगळं शिकवून पाठवलं.

गाड्या बदलत मद्रास, मग बोट, मग गढूळ नदीतून रंगून. लाकडाच्या वखारीत कारकुनी मिळाली. दिवसभर तोंडात हिंदुस्थानी, मोडकी बर्मी आणि साहेबापुरतं इंग्रजी. मराठी फक्त पत्रांत उरली. अशाच एका पत्रात मी फुशारकी मारली, की आता इथून सकाळी विमान सुटतं आणि दुपारी कलकत्त्याला उतरतं.

त्या विमानात बसायची माझी ऐपत कुठली! पण अप्पांनी नकाशा काढला. रंगून ते कलकत्ता दोरा धरून अंतर मोजलं, तोच दोरा कलकत्त्याहून धारवाडपर्यंत आणला आणि उलट टपाली लिहिलं, "तू आता परदेशी नाहीस. दीड दिवसाच्या वाटेवर आहेस." गल्लीभर सांगतही सुटले. कलकत्त्याहून धारवाडकडे विमान नाही, आगगाडीच आहे, हे मी कळवायला हवं होतं. नाही कळवलं. म्हातारा खूश होता, आणि मलाही जवळ असल्यासारखं वाटत होतं.

मग तार आली. अप्पा गेले, विमानाने ये, थांबलो आहोत.

मी एकुलता एक. अग्नी मीच द्यायचा. अनवाणीच विमानाच्या कचेरीत धावलो. विमान आदल्या दिवशीच गेलं होतं, पुढचं चार दिवसांनी. 'थांबू नका' म्हणून तार केली, ती घरी पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. तोवर अप्पांना ओसरीवर ठेवलं होतं. येणारा प्रत्येक जण "बंद्नेनु?", आला का, असं विचारत होता. कसला आवाज झाला की शेजारच्या बायका अंगणात येऊन आभाळाकडे बघत. अखेर काकांनी अग्नी दिला. हे सगळं मला नंतर काकूंनी सांगितलं.

मी बोटीने, गाडीने जाऊन पोचलो तेव्हा तेरावाही उरकला होता.

माझ्यासारखे जे लांब गेलेत, त्यांना कळेल मी काय म्हणतो ते. आता दमलो आहे. वर्षाकाठी घरी जातो, पण पोचल्यासारखं वाटत नाही. आपली वाट बघतात ते घर, एवढंच मला ठाऊक होतं.

त्या खेपेला परत निघताना आई पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "माझ्या वेळी थांबायचं नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. तू जिवाची धावपळ करू नकोस, बाळ."