सायकलला काय, पेट्रोल थोडंच लागतं

ग्वाल्हेरला सायकलने जायचं, हे मी मेथी निवडता निवडता बोलून गेलो. तेही माझ्या आवाजात नाही. नवी दिल्ली स्टेशनवर ती बाई नाकातून अनाउन्समेंट करते ना, तिच्या आवाजात. "यात्रीगण कृपया ध्यान दें, दिल्ली से ग्वालियर जाने वाली साइकिल अपने निर्धारित समय से..." पोरगी समोर बसून मेथीची देठं वेगळी करत होती आणि देठंच पातेल्यात टाकत होती. ती थांबली.

बायकोची बदली उन्हाळ्यात ग्वाल्हेरला झाली होती. पोरगी नुकतीच पहिलीत गेलेली. शाळा मधेच कशी सोडायची, म्हणून ती माझ्याकडे राहिली, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये. सकाळी दोन डबे, तिच्या दोन वेण्या, मग ब्लूलाइन बसच्या दारात एका पायावर लटकत ऑफिस. तिच्या वेण्या मी अशा घालायचो की शाळेतून येईपर्यंत एक सुटलेली आणि दुसरी सुतळीसारखी वळलेली असायची. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून तिला घेऊन यायचं, आणि मग कुकर. कुकरच्या शिट्टीआधी रोज तोच प्रश्न, "आईकडे कधी?" दिवाळीची रिझर्व्हेशनं केव्हाच संपली होती. वेटिंग लिस्ट मारुतीच्या शेपटीएवढी. त्या दिवशी "बघू" म्हणायचाही कंटाळा आला, म्हणून ती अनाउन्समेंटवाली बाई कामाला लावली.

दुसऱ्याचा आवाज काढायला कमी मेहनत लागते. आमच्या तालुक्याच्या शाळेत मी हे सातवीतच ओळखलं होतं. स्वतः उत्तर द्यायचं तर अभ्यास पाहिजे. भूगोलाच्या सरांच्या आवाजात दिलं, तर वर्ग हसतो आणि सर उत्तर विसरतात. पुढे दिल्लीला स्पर्धा परीक्षा द्यायला आलो. मुलाखतीपर्यंत काही पोचलो नाही, त्यामुळे तिथे हा प्रयोग राहूनच गेला. मिळाली ती नोकरी घेतली आणि नकला घरी आणल्या. पोरगी लहानपणापासून त्यावर वाढली. दूधवाल्याच्या आवाजात तिला सांगायचो की आज म्हशींचा बंद आहे. माझ्या साहेबांच्या आवाजात सांगायचो की रविवारीही शाळा भरते. दोन-तीनदा फसल्यावर तिने स्वतःचा कायदा केला.

"बाबा, तुझ्या आवाजात सांग."

"काय सांगू?"

"सायकल."

मी जुडी खाली ठेवली. तिच्याकडे बघून नाही म्हणवेना. "जाऊ," म्हटलं.

"ही तुझी आवाज आहे?"

"माझाच आहे. म्हणून तर इतका बेकार आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंकडे गेलो, तर काकू दारातच हसत उभ्या. "अरे, तुझी लेक काय सांगतेय बघ. मी म्हटलं, अगं, बाबा गंमत करतात. तर मला म्हणते, ये वाली गंमत नहीं है काकू, अपनी आवाज़ में बोला है." काकू डोळे पुसत होत्या. मी हसलो नाही. पोरगी दप्तर पाठीला लावून माझ्याकडे बघत होती, आणि मी हसतो का, एवढंच बघत होती. आता ही गंमत निघाली असती, तर माझ्या आवाजाचीही पत दूधवाल्याएवढीच झाली असती.

मग मी खरंच कामाला लागलो. सायकल होतीच, परीक्षेच्या दिवसांतली, काळी, दणकट, घोड्यासारखी उंच. त्या वर्षी आमच्या ब्लॉकखाली स्कूटरींच्या जागी एकेक कार येत होती. कार आली की नारळ फुटायचा, पेढे यायचे, आणि माझी सायकल भिंतीकडे आणखी एक वीत सरकायची. पुढच्या दांडीवर बसवायची छोटी सीट आणली, पाय ठेवायला पट्ट्या असलेली. पोरीचा पाय चाकात जाऊ नये म्हणून बाजूंना जाळी लावून घेतली. रजेचा अर्ज घेऊन गेलो तेव्हा साहेबांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "साइकिल से? भाई, कोई मन्नत मांगी है क्या?" हा आवाज मी घरी जाऊन अगदी पानासकट काढला. पोरगी हसली, आणि लगेच विचारलं, "छुट्टी मिळाली?" मिळाली होती.

रस्ता सरळ आहे. फरिदाबाद, पलवल, मथुरा, आग्रा, धोलपूर, ग्वाल्हेर. नकाशात एक बोट फिरवलं की झालं. पण काकू नकाशात गावं बघत नव्हत्या, आपली माणसं बघत होत्या. "फरिदाबादला माझी मावसबहीण. तिथे एक मुक्काम, आणि जेवल्याशिवाय निघायचं नाही. मथुरेला माझ्या नणंदेचे दीर. आग्र्याला आमच्या ह्यांच्या ऑफिसातले ते, सांगलीचे." पलवलपाशी काकूंचं बोट थांबलं. "पलवलला कुणी नाही," त्या अशा म्हणाल्या जणू तिथे पाणीच मिळत नाही. "आणि चंबळला अजिबात थांबायचं नाही. उतार आला की सरळ सोडून द्यायची."

"काकू, उतारानंतर चढ येतो."

"मग चढावर पण थांबायचं नाही."

आणि मग सामान सुरू झालं. दिल्लीत राहणाऱ्या आपल्या लोकांना कुणी कुठे निघालंय एवढं कळायची खोटी, हातात पिशवी येते. कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या गेस्ट हाउसमध्ये मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बॅगेत निम्मा डबा दुसऱ्याचा असतो. मी स्वतः असा गोडा मसाला कितीदा मागवलाय, त्यामुळे मला नाही म्हणायला तोंडच नव्हतं. मावसबहिणीसाठी चकलीचा डबा. मथुरेसाठी भाजणी. आग्र्याला लग्नाची मुलगी होती, तिच्यासाठी एका मुलाचे फोटो आणि साडी. आणि सगळ्यात शेवटी पितळी पुरणयंत्र, जे मावसबहिणीच्या लग्नापासून काकूंकडेच राहिलं होतं.

"काकू, हे जरा जड आहे."

"अरे, सायकलला काय, पेट्रोल थोडंच लागतं?"

काका पेपरमागून म्हणाले, "बिल्कुल. वजनाने सायकल उलट स्थिर राहते."

काकांचा आवाज मला फार आवडतो. घशात फाइल अडकल्यासारखा आहे. काकांनीच ट्रायलची कल्पना काढली. त्यांनी गाझियाबादला, नव्या वसाहतीत, फ्लॅट घेतला होता. ताबा मिळाला होता पण लिफ्ट, पाणी आणि रस्ता मिळाले नव्हते. दर रविवारी दोघं कारमधून तो बघायला जायचे, फरशीवर पेपर पसरून जेवायचे आणि परत यायचे. "सामानासकट आमच्या फ्लॅटपर्यंत येऊन दाखव. जमलं तर ग्वाल्हेर जमलं," काका म्हणाले.

बायकोचा फोन रविवारी सकाळी यायचा. सायकलचं ऐकून ती हसायची. त्या रविवारी म्हणाली, "अरे, खरं सांग, तू तिला एवढं लांब ओढशील?"

"तिला नाही, पुरणयंत्राला," मी काकूंच्या आवाजात म्हटलं.

"दमलायस ना तू?"

"कोण मी? छे," हेही काकूंच्याच आवाजात.

"ठीक आहे," ती म्हणाली. "फोन तिला दे."

ट्रायलला निघालो तेव्हा कॅरियरवर दोन्ही बाजूंना कापडी थैल्या लोंबत होत्या, वर डबा बांधलेला, आणि पुरणयंत्राची पिशवी हँडलला. पोरगी पुढच्या सीटवर, बायकोच्या जुन्या ओढणीने माझ्या कमरेला बांधलेली. प्रत्येक पॅडलला पुरणयंत्र माझ्या गुडघ्यावर आपटायचं. रिंग रोडवरच पोटऱ्या भरून आल्या. फ्लायओव्हर आला की उतरून ढकलत चालायचं, उतरलं की ओढणी सोडायची, चढलं की बांधायची. यमुनेच्या पुलावर वास असा, की पोरीने माझ्या शर्टात नाक खुपसलं. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. काका-काकूंची कार आमच्या बाजूने गेली. काकूंनी खिडकीतून हात हलवला आणि तोंडाने काहीतरी म्हणाल्या, बहुतेक "सावकाश या." त्याहून सावकाश कसं जायचं, मला माहीत नव्हतं.

पूल संपल्यावर पोरगी झोपली. झोपलेलं मूल जागं असल्यापेक्षा जड होतं. तिचं डोकं माझ्या उजव्या मनगटावर, म्हणजे ब्रेकच्या हातावर. मागून ट्रक येत होते आणि मी डाव्या हाताने हँडल धरून, उजव्या हाताने डोकं सांभाळत, रेतीच्या कडेने सायकल नेत होतो. शेवटी थांबलो. अर्धवट बांधलेल्या इमारतींपुढे एक मोठा बोर्ड होता, त्यावर निळं तळं, त्यात पोहणारी माणसं, आणि मागे सिमेंटच्या गोणी. बोर्डाच्या सावलीत बसलो. पाणी प्यायलो. पोटऱ्या चोळत राहिलो.

पोरगी जागी झाली. आजूबाजूला बघितलं. ट्रायल वगैरे तिच्या लेखी नव्हतंच, आम्ही निघालो होतो. "बाबा, ग्वाल्हेर कितना बाकी?"

मी काकांच्या आवाजात, घशातली फाइल सरकवत म्हटलं, "बस, आलंच आता."

ती पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिली. मग मान जरा तिरकी करून, "अगं"मधला ग लांबवून, हुबेहूब काकूंसारखी म्हणाली, "अगं, बाबा गंमत करतात."

हे मी तिला शिकवलं नव्हतं. दुसऱ्या कुणी काढला असता, तर तो आवाज ऐकून मी टाळी दिली असती.

"नाही जमणार," मी म्हणालो. "ग्वाल्हेरपर्यंत सायकलने नाही जमणार, बाळा. मी दमतो. रोजच दमतो."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. ती तपासत होती. "ये तेरी आवाज़ है?"

"हो."

मला वाटलं, आता रडेल. तिने फक्त नाक पुसलं आणि विचारलं, "मग कुठपर्यंत जमेल?"

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. काकूंनी मुक्काम विचारले, साहेबांनी मन्नत, बायकोने दमलास का. मी थैल्यांकडे बघितलं, माझ्या गुडघ्याकडे बघितलं. "हे सगळं काढलं तर पलवल."

"पलवलला कुणी नाही."

"म्हणूनच. दोन दिवस, सावकाश. कुणाकडे जेवायला थांबायला नको. दुपारी झाडाखाली झोपू."

"फिर ट्रेन?"

"फिर ट्रेन. जनरल डब्यात, उभं राहून. सायकल गार्डच्या डब्यात."

"आणि स्टेशनपासून आईपर्यंत?"

"तिथे सायकलने."

तिने विचार केला. "आईला मी सांगणार. तू नाही बोलायचं."

"का?"

"तू अनाउन्समेंट करतो."

फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. पोरीचा हात धरून जिना चढलो. काका रिकाम्या खोलीत उभे राहून सांगत होते, इथे सोफा, इथे टीव्ही, इथून पुढे सगळं हिरवं होणार. खिडकीतून रेती दिसत होती. काकूंनी पुरी-भाजी वाढली. मी खाली मान घालून म्हणालो, "काकू, सामान नाही नेता येणार. आम्ही फक्त पलवलपर्यंतच सायकलने जाणार."

"अरे, पण जमलं की इथपर्यंत. आणि सायकलला काय..."

"काकू, पेट्रोल मला लागतं."

काकू पुरीचा तुकडा हातात धरून थांबल्या. मग म्हणाल्या, "बरं." ते "बरं" मी आजही काढू शकतो, पण काढत नाही. काका खिडकीकडे गेले आणि हिरवं बघायला लागले.

सगळ्या थैल्या त्यांच्या कारमध्ये गेल्या. डिकीत चकली आणि भाजणी, आणि पुरणयंत्र मागच्या सीटवर. कार आमच्या पुढून निघाली तेव्हा पोरीने बोट दाखवलं. "बाबा, देख, पुरणयंत्र खिडकीपाशी बसलं." परतीची वाट हलकी होती असं म्हणणार नाही. पाय तेच होते. पण गुडघ्यावर काही आपटत नव्हतं.

बायकोला संध्याकाळी मीच फोन केला, खालच्या एसटीडी बूथवरून. पलवल ठरल्याप्रमाणे पोरीने सांगितलं, दमतो हे मी, माझ्याच आवाजात. लाइनच्या खरखरीतून ती "हे आधी का नाही सांगितलंस रे," एवढंच म्हणाली. मग विचारलं, "स्टेशनवर येऊ मी?" पोरगी माझ्या हातातून फोन ओढत म्हणाली, "नाही, तू घरीच थांब. आम्ही सायकलने येणार."

निघायच्या सकाळी काकू जिन्यावरून खाली आल्या. हातात पिशवी होती. मी काही बोलायच्या आत पोरगी म्हणाली, "काकू, जागा नाही."

"अगं, तुझ्यासाठी आहे. रस्त्यात खायला. लाडू."

पोरीने पिशवी हातात तोलून बघितली. मला दिसेल अशी, वर-खाली. "मग चालेल," म्हणाली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. काकूंनी तिची सुटलेली वेणी दोन मिनिटांत घट्ट घातली, मला एका शब्दाने न बोलता.

ओढणी बांधली. गेटवर चौकीदार चहाचा ग्लास घेऊन उभा होता. "कहाँ चले, साब, सुबह-सुबह?"

माझ्या नाकात ती अनाउन्समेंटवाली बाई तयारच होती. पण पोरगी आधी बोलली.

"पलवल," ती म्हणाली. "फिर ट्रेन."