तुळशीराम गुरुजींचा डावा हात

आमचे हेडमास्तर तुळशीराम गुरुजी हजेरी घ्यायला लागले की जानेफळच्या बाजारातले बैलसुद्धा 'हजर' म्हणत. मी त्याच शाळेत मास्तर होतो, म्हणून छातीठोक सांगतो. फार तर एक-दोन बैल कमी धरा.

चीनची लढाई पेटली आणि आमची सरकारी शाळा लढाईला उभी राहिली. ज्यांची पोरं फौजेत, त्या आया दुपारी सातवीच्या वर्गात येत आणि मुलं त्यांची पत्रं लिहून देत. गुरुजींचा दंडक एकच. "पत्रात रडाचं नाही. बरफात त्याचे डोळे कोण पुशीन?"

गोदाबाईच्या एकुलत्या सोपानचं पत्र दोन महिने आलं नाही. बाईचं अन्न सुटलं. मला राहवेना. म्हटलं, "गुरुजी, सोपानच्या नावानं मीच लिहितो. असं झकास, की चिनी वाचूनच पळतील!"

चष्म्यावरून पाहत गुरुजी म्हणाले, "थापा तोंडानं मार बे, शाईनं नाही. मंग खऱ्या पत्रावर थे माय इस्वास ठेवीन का?"

त्यांनी अख्ख्या शाळेला सोपानच्या पलटणीच्या साहेबाला पत्रं लिहायला बसवलं. प्रत्येकानं, रोज, एकच ओळ: 'साहब, हमारा सोपान कैसा है?' जानेफळची शाई संपली, मेहकरची संपली, पोस्टमनची उंची वीतभर घटली!

अखेर साहेबाचं उत्तर आलं. सोपान इस्पितळात आहे, जिवंत आहे. पण बर्फानं उजव्या हाताची बोटं गेली, म्हणून लिहू शकला नाही. आणि खाली: कृपा करून शाळेला आवरा.

मी वाचत असतो तर बोटांची ओळ गिळून टाकली असती. गुरुजींनी गोदाबाईला अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं.

"जिता हाय ना? बस झालं," गोदाबाई म्हणाली. मग हळूच विचारलं, "पण आता थो मले कागद कसा लिहीन, गुरुजी?"



दुसऱ्या दिवशी पाहतो तर पन्नाशीचे हेडमास्तर पहिलीच्या पोरांत मांडी घालून बसलेले. डाव्या हातात पेन्सिल, पाटीवर 'अ'.

"गुरुजी, तुमचा अ पडून राह्यला!" पोरं खिदळली.

"पडू द्या बे. सोपानले शिकवाचं हाय. आधी मले तं आलं पाह्यजे."

सोपान उन्हाळ्यात परतला. गुरुजींनी त्याला शेजारी बसवलं. पावसाळा सरता सरता त्यानं डाव्या हातानं पहिलं पत्र लिहिलं: 'माय, मी खुशाल हाय.'

गोदाबाई समोरच बसली होती. सोपानचा हात हातात धरून तिनं ते पत्र गुरुजींकडून तीनदा वाचून घेतलं.