गालावरचा पत्ता

माझ्या ताईला कसलाही डाग दाखवा. रक्ताचा, आयोडीनचा, शाईचा, गंजाचा. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिची हयात गेली. चादर हातात घेतली की आधी उजेडाकडे धरते, मग नाकाशी नेते आणि सांगते, याला गार पाणी लाव, गरम लावलंस तर कायमचा बसेल. तिथला नियम साधा आहे. डाग राहिलेली चादर वॉर्डात जात नाही. परत येते. पुन्हा परत आली की फाडायची आणि फरशी पुसायला द्यायची. हा नियम ताईच्या अंगात इतका मुरलाय, की माझ्याकडे जेवायला आली तरी पहिल्यांदा टेबलावरचं कापड उलटून बघते. मी म्हणते, "बाई गं, जेव आधी. हा वॉर्ड नाहीये."

मी तिची धाकटी बहीण. शिलाई मशीन चालवते. जगाच्या कपड्यांना टाके घातले, स्वतःच्या जिभेला घालायचे राहिले, असं ताई म्हणते. खोटं नाही ते. म्हणूनच हे मी सांगतेय. तिला सांगायला लावलं तर दोन वाक्यांत संपवेल आणि भांडी घासायला उठेल.

ताईला एकच मुलगी. बबडी. विशी ओलांडली तरी आमच्यासाठी बबडीच. भावोजी, म्हणजे ताईचा नवरा, बबडी शाळेत जायला लागली तेव्हाच घर सोडून गेले. त्यांना कोणी शोधलं नाही. खरं सांगू? आम्हीही नाही. ब्याद गेली म्हटलं आणि कडी लावून घेतली.

बबडीच्या डाव्या गालावर जन्मापासून डाग होता. कानापासून थेट हनुवटीपर्यंत, चहा सांडून वाळल्यासारखा. ताईने त्याला काय काय म्हणून लावलं नाही! लिंबू झालं, मलमं झाली, कोणी सांगितलेला पाला वाटून झाला. पोरगी कळवळायची, "आई, मी काय चादर आहे का?" मोठी झाल्यावर मात्र तिने सगळ्या बाटल्या उचलून कचऱ्यात टाकल्या. मला म्हणाली, "मावशी, माझं एक बरं आहे. मी कधी हरवूच शकत नाही. देवाने गालावर पत्ता लिहूनच पाठवलंय." आणि हसली. असली हसायची मेली, की समोरच्याला आपला रडका चेहरा लपवावा लागायचा.

शिकली चांगली, पण नोकरीचं घोडं दर वेळी तिथेच अडायचं. "काम लोकांसमोर बसायचं आहे हो," म्हणायचे. म्हणजे काय, ते तिला कळायचं. शेवटी दुसऱ्या शहरात फोनवर बोलायचं काम निघालं. "तिथे तोंड बघतच नाहीत, मावशी," ती म्हणाली, "नुसता आवाज लागतो. आवाज माझा गोरापान आहे." सकाळच्या बसने मुलाखतीला गेली. पोचल्याचा फोन आला नाही. परतीच्या बसमधून उतरली नाही. नोकरीवाल्यांनी सांगितलं, अशी कोणी मुलगी आलीच नाही.

आम्ही पोलीस चौकीत गेलो. हवालदार आधी म्हणाला, "पळाली असेल कोणाबरोबर तरी. येईल." मग त्याने फोटो बघितला आणि म्हणाला, "नाही, तसं काही वाटत नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलणार होते, पण ताईने माझ्या पायावर पाय दिला. डागाची खूण वगैरे सगळं त्याने लिहून घेतलं, तिथल्या चौकीला आणि दवाखान्यांना आम्हीच कळवतो, तुम्ही घरी थांबा, म्हणाला. लिहिलेलं टेबलाच्या खणात गेलं आणि तिथेच निजलं.

त्याच आठवड्यात ताईच्या हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांची मुलगी घरातून नाहीशी झाली.

आता त्या पोरीबद्दल मी वाकडं बोलणार नाही. लेकरू ते लेकरू. पण हॉस्पिटलच्या फाटकाशी जी जत्रा जमली, ती मी डोळ्यांनी बघितली. टीव्हीवाल्यांच्या गाड्या, वायरींची भेंडोळी, छत्र्यांखाली उभ्या राहून ओठ रंगवणाऱ्या बातमीदार बाया. घोड्यावर बसलेला फोटो, पियानोपाशी बसलेला फोटो, केकसमोरचा फोटो. केसांना कुठली क्लिप लावायची, कुत्र्याचं नाव काय, सगळं जगाला तोंडपाठ झालं. आपला तो बाब्या म्हणतात ना, तसा साहेबांचा तो सगळ्यांचाच बाब्या.

संध्याकाळी हॉस्पिटलने मेणबत्त्या लावून उभं राहायचं ठरवलं. लाँड्रीच्या बायकांनाही हुकूम आला, सगळ्यांनी यायचं. ताई गेली. मी फाटकाबाहेरून बघत होते. स्वतःची पोर कुठे आहे पत्ता नाही आणि ही दुसऱ्याच्या पोरीसाठी मेणबत्ती धरून उभी. एका टीव्हीवालीने नेमका हिच्यासमोरच माईक धरला. "तुम्हाला काय वाटतंय, मावशी?" ताई म्हणाली, "माझीही मुलगी हरवलीय हो." बाई लगेच कॅमेऱ्याकडे वळली. "पाहा, इथल्या साध्या कर्मचाऱ्यांनाही आपलीच मुलगी हरवल्यासारखं वाटतंय." ताई म्हणत होती, "तसं नाही हो, माझी, माझी स्वतःची..." पण माईक केव्हाच पुढे गेला होता. ती बातमी दुसऱ्या दिवशी दिवसभर दाखवली. शेजारीण मला सांगायला आली, तुझी ताई टीव्हीवर काय छान बोलली गं! मी तिच्या तोंडावर दार लावलं.

डॉक्टरांची मुलगी मैत्रिणीच्या घरी सापडली. घरच्यांशी भांडून गेली होती. सुखरूप आली, बरं झालं. गाड्या गेल्या, वायरी गेल्या. ताईने जमिनीवरचं मेण खरवडून काढलं, कारण ते कामही लाँड्रीकडेच आलं.

मग आम्ही पेपरांचे उंबरठे झिजवायला सुरुवात केली. एका ठिकाणी चष्मा लावलेला तरुण बातमीदार भेटला. पोरगा वाईट नव्हता. ऐकून घेतलं, पाणी दिलं, फोटो आत घेऊन गेला. परत आला तो खाली बघत. "ताई, दुसरा एखादा फोटो आहे का?"

"हा स्पष्ट नाहीये का?" मी विचारलं.

"स्पष्ट आहे. पण आमचे साहेब म्हणतात, लोकांनी पान उलटताना थांबलं पाहिजे. रोज इतके फोटो येतात. जरा बरा असेल तर मोठा लावता येईल, नाहीतर..."

नाहीतरच्या पुढचं आम्हाला कळलं. ताईने फोटो परत घेतला, पदराने पुसला. तिच्या तोंडावर काय होतं, ते मी लाँड्रीच्या दारात कितीदा तरी बघितलं होतं. चादर परत आली होती.

तिथून ती तडक फोटोवाल्याकडे गेली. मी मागून धावत. लग्नासाठी मुलींचे फोटो उजळून द्यायचा त्याचा धंदा. त्याने सवयीने विचारलं, "गोरं किती करू? थोडं, मध्यम की एकदम?"

"डाग काढा आधी," ताई म्हणाली.

"ताई, वेड लागलंय का तुला?" मी ओरडलेच. "डागावरूनच ओळखतील ना तिला!"

ती माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता तिने, तेव्हा चढवला. "ओळखायला आधी बघायला नको? तू बघितलंस ना फाटकाशी, कोणासाठी रडतात लोक? डागासकट तिला कोणी छापतच नाही गं! एकदा लोकांच्या डोळ्यांसमोर येऊ दे. एकदा तरी येऊ दे."

बोलायला पहिल्या नंबरची मी, पण फोटो तिच्या हातातून घेऊन मीच फोटोवाल्यासमोर ठेवला.

फोटोवाला कॉम्प्युटरवर बसला. डाग कानापासून निघाला, हळूहळू गाल निघाला, हनुवटी निघाली. ताईला आयुष्यभर न निघालेला डाग तो, त्या माणसाने चहा पीत पीत काढला. ताईने पुढे होऊन पडद्याला बोट लावलं. "अगं बाई," ती म्हणाली, "अशी दिसते होय ही." आणि तिथेच स्टुलावर बसून ढसाढसा रडली. फोटोवाला बिचारा घाबरला. म्हणाला, "जास्त गोरं झालं का?"

फोटो मोठा छापून आला. चष्मेवाल्याने खाली डागाच्या खुणेची ओळ लिहिली होती म्हणे, ती त्याच्या साहेबांनी काढली. फोटोत दिसत नाही ते कशाला लिहायचं, वाचक गोंधळतात. दुसऱ्या दिवशी टीव्हीवरही आला. लोक हळहळले. "काय गोड पोरगी हो!" ज्या बायका बबडीला बघून आपल्या पोरांना जवळ ओढून घ्यायच्या, त्याच म्हणाल्या, "किती गुणी दिसते." फोन आले. कोणाला ती बाजारात दिसली, कोणाला सिनेमाच्या रांगेत. एका महाभागाने तर विचारलं, "सापडली तर लग्नाचं बघणार आहात का?" मी त्याला फोनवर जे काही सांगितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढंच. मग दुसरं कोणीतरी हरवलं.

ताई कामावर जात राहिली. बस थांबली की मान वर करायची, पुढे निघाली की खाली घालायची. दोन ऋतू असेच गेले. आणि मग त्याच हवालदाराने बोलावून घेतलं. दुसऱ्या शहरातून बेवारस मृतांचे फोटो आले होते. पाकिटातून त्याने ते टेबलावर ओतले. ताईला एकेक बघावा लागला नाही. डावा गाल वर होता.

पत्ता बरोबर होता हो पोरीचा. तंतोतंत.

आम्ही त्या शहरात गेलो. तिथल्या हॉस्पिटलात वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर होत्या, पिकल्या केसांच्या, मायेच्या. ताईने जुना फोटो दाखवला, डागासकटचा. "हीच," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. बसमधून उतरल्यावर रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं होतं. पर्स कोणीतरी लांबवली, तिच्याबरोबर नावही गेलं. डोक्याला मार. कधीतरी डोळे उघडायची, बोलली मात्र कधीच नाही. बरेच दिवस जगली. गेल्यावर ठरलेले दिवस ठेवलं आणि मग बेवारस म्हणून विल्हेवाट लावली. सिस्टरांनी दुसरा शब्द शोधला, पण कागदावर तोच होता.

"मी तिचे केस विंचरायचे," त्या म्हणाल्या. "या गालावरून हात फिरवला की शांत व्हायची. कोणीतरी येईल, कोणीतरी येईल, म्हणून आम्ही रोज वाट बघायचो. मी टीव्हीवाल्यांनाही फोन केला होता. त्यांनी विचारलं, दिसायला कशी आहे? मी खरं ते सांगितलं. येतो म्हणाले, आले नाहीत."

ताई रिकाम्या खाटेपाशी उभी होती. हाताने तिथली चादर सारखी करत होती. सवय.

"एकदा मात्र वाटलं होतं हो," सिस्टर सांगत होत्या. "पेपरात एका हरवलेल्या मुलीचा फोटो आला होता. डोळे तेच, नाक तेच. मी पेपर घेऊन धावत आले आणि हिच्या तोंडाशेजारी धरला. पण ती मुलगी गोरीपान, गाल अगदी नितळ. म्हटलं, नाही, ही कोणातरी दुसऱ्या आईची. खूप वाईट वाटलं तेव्हा. ती मुलगी तुमच्याच गावची होती, नाही का? पुढे सापडली का हो ती?"

मी तोंड उघडलं. ताईने माझा हात दाबला, हाडं दुखतील इतका.

"नाही," ताई म्हणाली. "ती नाही सापडली."