उतारावर बंद होणारी मोटार

माधव नगरच्या सिग्नलला नातवाची नवी गाडी थांबली आणि इंजिन आपोआप गप्प झालं. "आजी, यानं पेट्रोल वाचतं," तो म्हणाला. त्या शांततेत मला आमची काळी मोटार आठवली.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती जुनीच घेतली होती. पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. म्हणून नदीकाठच्या राम घाटाकडे जाणारा उतार लागला की अण्णा इंजिन बंद करत. मोटार बिनआवाज घरंगळत जायची. खिडकीतून आधी देवळांच्या घंटा ऐकू यायच्या, मग क्षिप्रेचा गारवा आत यायचा. मला तेवढ्यासाठीच ती मोटार आवडायची.

मग मध्यभारत मोडून नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि अण्णांची बदलीही तिकडेच झाली. तिथे ही मोटार पोसणं परवडणार नव्हतं. भैरवगढच्या एका कापड-छपाईवाल्या सेठनं ती घेतली. द्यायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं तीत बसून घाटावर निघालो. उतार आला, तरी इंजिन सुरूच.

"अहो, बंद करून टाका ना, फालतू जळतंय," आई म्हणाली.

"जळू दे आज," अण्णा म्हणाले.

घंटा ऐकू आल्या नाहीत म्हणून मी घाटापर्यंत रुसून बसले. अण्णा मात्र मान किंचित कलती करून ती घरघर ऐकत होते.

सिग्नल अजून लालच होता. मी नातवाला विचारलं, "हे आपोआप बंद होणं थांबवता येतं का रे?"

त्यानं एक बटण दाबलं. इंजिन सुरू झालं आणि मी मान कलती केली.